साहिलसाठी केलेला फोन

१२ नोव्हेंबर, मंगळवार

नूतन बोलली, काका, रोज लिहा. रोज काय होतं माझ्या आयुष्यात लिहायला? सकाळी मैदानावर पाणी मारतो, संध्याकाळी पोरांना पळवतो, मध्ये बायकोचं, विमलचं, ऐकतो. मी सातवी नापास माणूस. संघातल्या पोरांची नावं लिहिण्यापलीकडे हातात पेन धरला नाय. पण वही फुकट मिळालीय आणि विमलने पेन आणून उशाशी ठेवलाय, म्हणजे सुटका नाय.

नूतन ही विमलच्या मावसबहिणीची सून. पेणला एका संस्थेत कामाला हाय. हल्ली तरणी पोरंपोरी एकमेकांच्या नादाला लागतात, मग त्यात धमक्या, मारझोड, पोरीचा फोन तपासणं, फोटो पसरवीन बोलून भीती घालणं असलं काय काय होतं. ते व्हायच्या आधीच पोरांना शिकवायचं, आईबापांना पण शिकवायचं, हे तिचं काम. तिच्या डोक्यात आलं की पोरं मास्तरांचं ऐकत नायत, घरच्यांचं ऐकत नायत, पण कबड्डी शिकवणाऱ्याचं ऐकतात. म्हणून गावोगावचे आम्ही म्हातारे गोळा केले. मला विचारलं पण नाय. विमलनेच फोनवर हो सांगून टाकलं.

आज त्यासाठी पेणला हॉलमध्ये दिवसभर बसवलं. नूतनने विचारलं, पोराने पोरीच्या फोनचा पासवर्ड मागितला, तर ते प्रेम की दुसरं काय? प्रेम वाटतं त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. मी पण केला. नूतन हसली नाय, रागावली पण नाय. फळ्यावर काहीतरी लिहिलं. माझा चष्मा घरी राहिला होता.

वडा चांगला होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिला तास घेतला. तास कसला, चहा गार व्हायच्या आत संपला. सराव झाल्यावर पोरांना गोल बसवलं, नूतनने दिलेलं कार्ड काढलं आणि वाचलं, जोडीदाराच्या मर्यादांचा आदर. पोरं माना खाली घालून खुसूखुसू हसायला लागली. मोरू, आमचा डाव्या कोपऱ्याचा गडी, बोलला, काका, जोडीदार म्हणजे चढाईतला का पकडीतला? मला पण हसू आलं. कार्ड खिशात घातलं आणि सरळ सांगितलं, पोरीवर हात उचललेला कानावर आला तर माझ्या मैदानावर पाय ठेवायचा नाय. झालं. पोरं घरी गेली.

साहिल तेवढा बसला नव्हता. आंब्याखाली फोनवर बोलत होता. त्याला मी काय बोलत नाय. असा चढाई करणारा पोरगा आमच्या निडी गावच्या मैदानाने बघितला नाय. बाप लवकर गेला, अर्धा आईच्या ताटात जेवला, अर्धा आमच्या. आता धाटावला कंपनीत अप्रेंटिस हाय, शिफ्ट सुटली की गाडी थेट मैदानात. पुढच्या महिन्यात रोह्याला जिल्ह्याचं सिलेक्शन हाय. आमच्यातलं कोणी अजून जिल्ह्याकडून खेळलं नाय. हा खेळणार.

त्याची एक पोरगी हाय, प्रतिक्षा, हमरापूरची. बारावी झाली, आईच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. साहिलने मला फोन दाखवला. ती कुठं बसलीय, बाजूला कोण हाय, जेवायला काय, सगळ्याचे फोटो. जागा बदलली की फोटो टाकायचा असं त्यांचं ठरलंय. मी बोललो, हे बरं हाय. आमच्या वेळी बायको नजरेआड गेली की गेली.

विमल बोलली, तेवढंच सुख होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

साहिल प्रतिक्षाला घेऊन आला. बारीकशी पोरगी, नखांत सोनेरी रंग. बांधावर बसून सराव बघत होती, फोन मांडीवर उपडा. साहिल चढाईला जाताना एकदा तिच्याकडे बघायचा आणि परत आल्यावर एकदा. कोणी दुसरा तिच्याशी बोलला की तिसऱ्यांदा.

नंतर घरी आले. विमलने पोहे केले. पोरीने बशी हातात घेतली आणि साहिलकडे बघितलं. त्याने मान हलवल्यावर मग खाल्ले. ह्या जमान्यात पण असं वळण असतं, मी विमलला बोललो. विमलने मोरीत भांडी अशी आपटली की माझं पुढचं वाक्य मलाच ऐकू आलं नाय.

मी पोरीला कामाचं विचारलं. आधी डोळे आखायची. गणपतीचे डोळे आखणं म्हणजे अख्ख्या कारखान्यात एखाद्याला जमणारं काम, हात हलला की मूर्तीचं तोंड बिघडलं. आता मूर्तीखालची बैठक रंगवते बोलली. का गो, तर फोन वाजतो मग हात हलतो. विमल बोलली, मग बंद ठेव की. साहिल हसून बोलला, बंद ठेवला तर मी कारखान्यात येऊन उभा राहीन ना मावशी. आम्ही हसलो. ती पण हसली.

जाताना विमलने तिच्या हातात घरच्या पापडांची पुडी दिली आणि कधीही ये बोलली. एकटी पण ये, असं बोलली. एकटी कशाला येईल? साहिल हाय ना आणायला.

१ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस. साहिल खेळलाच नाय. चढाईला गेला की मध्येच दम सोडतो, पाय कुठं टाकतो ते कळत नाय. मोरूने दोनदा घोट्याला धरून बसवला. मोरूने! कमळाकर बोलला, पोराला नजर लागली. कमळाकर माझा जुना जोडीदार, सरावाला मदत करतो आणि अकलेला त्रास देतो.

पोराला बाजूला घेतलं. डोळे लाल. प्रतिक्षा दोन दिवस फोन उचलत नाय, मेसेज बघत नाय. काका, माझं डोकं चालत नाय, मी काहीतरी करून बसेन बोलला. आता सिलेक्शन तोंडावर आणि ह्यांचे रुसवेफुगवे.

मला असला घोळ चालत नाय. पोरीचा नंबर घेतला आणि विमलच्या फोनवरून लावला. तो नंबर ती ओळखत नव्हती, म्हणून उचलला. मी बोललो, पोरी, कान्हूकाका बोलतोय. राग असेल तो नंतर काढ. तू समोर नसलीस तर पोरगा उभा राहत नाय. गुरुवारी सरावाला ये, माझा शब्द समज. बराच वेळ काय बोललीच नाय. मला वाटलं रेंज गेली. मग बोलली, बरं काका.

एका फोनात काम झालं. नूतन असती तर फळ्यावर लिहीत बसली असती.

५ डिसेंबर, गुरुवार

प्रतिक्षा आली. साहिल असा खेळला की रस्त्यावरच्या माणसांनी गाड्या थांबवल्या. मी सगळ्यांना भेळ दिली. कमळाकरने दोन खाल्ल्या.

पोरं गेल्यावर बघितलं तर दोघं गाडीपाशी उभी होती. त्याने तिचं मनगट धरलं होतं आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होता. मी खोकलो आणि दुसरीकडून निघालो. आपण कशाला मध्ये जायचं? दोन दिवसांचा रुसवा निघायला वेळ लागणारच.

नूतनचा फोन आला, पोरांशी बोलता का? मी सांगितलं, सगळं मस्त चाललंय.

८ डिसेंबर, रविवार

नूतन स्वतःच मैदानात हजर. माझ्यावर विश्वास नाय असं दिसतं. पोरांना दोन-दोन करून उभं केलं आणि एकाने दुसऱ्याला सांगायचं कुठं बघ, कोणाशी बोल, कधी बस, असलं नाटक सुरू केलं. पोरं लाजून मेली. मला बघवेना. मी बोललो, थांब, ह्यांना ह्यांच्या भाषेत सांगतो.

सांगितलं, चढाई करणारा मधल्या रेषेला पोचला की काय करायचं? पोरं बोलली, सोडायचा. नाय सोडला तर? फाऊल. रागाने धरून ठेवला, प्रेमाने धरून ठेवला, पंचाला काय पडलंय? काय नाय. मग पोरीचं पण तेच. आवरलं.

मोरूने डोकं खाजवलं. काका, पण मैदानात रेषा आखलेली असते. पोरीची रेषा कुठं असते ते कसं कळणार?

नूतन बोलली, तिला विचारायचं. ती सांगेल तिथे. आणि आज एके ठिकाणी सांगितली म्हणून उद्या तिथेच असेल असंही नाही.

पोरं ह्या वेळी हसली नायत. साहिल मध्येच उठून फोन करायला गेला होता.

जाताना नूतनने विचारलं, तो मुलगा कोण? मी सांगितलं, माझा जिल्ह्याचा खेळाडू. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला कबड्डीतलं काय कळतं?

१४ डिसेंबर, शनिवार

सकाळच्या गाडीने हमरापूरला गेलो होतो. प्रतिक्षाचा फोन परत बंद आणि सिलेक्शन पुढच्या रविवारी. साहिल बोलला ती नाटकं करते, तुम्हीच जाऊन सांगा, तुमचं ऐकते. म्हणून गेलो. रविवारी तिला रोह्याला घेऊन यायचंच, एवढं ठरवून.

कारखान्यात पांढऱ्या मूर्ती रांगेत वाळत ठेवलेल्या. तिची आई, सरूबाई, दारातच भेटली. मी निडीचा बोललो तशी चिडली. तुमच्याकडचाच ना तो, गाडी घेऊन समोर उभा राहतो? अख्खं गाव बघतं. हिला सांगून सांगून थकले, पण हीच फोनला चिकटलेली असायची. आता बोलते फोन बिघडला.

पोरगी आत बैठका रंगवत होती. डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ओढणीखाली. मी बसलो आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. जिल्हा, सिलेक्शन, रविवार, तू ये.

तिने ब्रश खाली ठेवला. आई ऐकत नाय ना ते बघितलं.

“काका, मी त्याला नको असं सांगितलं होतं.”

मी बोललो, रविवारचं?

“सगळ्याचंच. तुमचा फोन आला त्याच्या आधी. मला नको होतं पुढे. दोन दिवस फोन उचलला नाय. दोन दिवस नीट झोपले मी. मग तुमचा फोन आला.”

मला काय माहीत, मी बोललो. आवाज माझाच मला चिडका वाटला.

“तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही बोललात ये. एवढं मोठं माणूस बोलतंय, म्हणजे माझंच चुकत असेल, असं वाटलं मला.”

ब्रश उचलायला गेली तेव्हा ओढणी सरकली. मनगटावर बाहेरून चार बोटं उमटलेली, आतून अंगठा. हिरवट पडत चाललेली. ती पकड कशी बसते ते मला कोणी सांगायला नको. मीच शिकवतो पोरांना. मनगट धर, आत पिळ, कितीपण ताकदीचा गडी असला तरी खाली बसतो.

मी विचारलं, त्या गुरुवारी? आमच्या मैदानात? तिने मान हलवली.

मी बोललो, तुझ्या आईला सांगतो. ती घाबरली. नको बोलली, आई मलाच ओरडेल. मग मी काय करू सांग. बोलली, तुम्ही आता जा काका, आई विचारेल.

मी उठलो. दारात सरूबाई बोलली, काय समजावलंत का हिला? मी नुसतीच मान हलवली आणि स्टेशनला आलो. गाडी यायला बराच वेळ होता. बसून राहिलो.

१५ डिसेंबर

विमलला सांगितलं. ती बोलली, पोह्यांची बशी हातात धरून त्याच्याकडे बघत होती, तेव्हाच मला कळलं होतं.

मग बोलली का नायस?

बोलले. तुम्हाला सिलेक्शनपुढे ऐकू येत होतं का?

वर जे लिहिलंय ते वाचलं. पाच तारखेचं पान फाडणार होतो. नाय फाडलं.

१६ डिसेंबर, सोमवार

नूतनला फोन केला. माझा विचार असा होता की साहिलला कान धरून हमरापूरला न्यायचा, चार माणसांत पोरीच्या पाया पडायला लावायचा, दोघांना समोरासमोर बसवून विषय संपवायचा. आमच्याकडे सगळी भांडणं अशीच मिटतात.

नूतन बोलली, ह्यातलं काहीच करू नका. तिला त्याच्यासमोर बसवायचं नाही. तो माफी मागेल, चार माणसं बघत असतील, मग तिला नाही म्हणता येईल का? आधी तिला काय हवं ते तिला विचारायचं. मी जाते.

संध्याकाळी तिचाच फोन आला. प्रतिक्षा भेटली, बोलली. तिला साहिल नकोय आणि त्याने समोर येऊन उभं राहायला नकोय. पोलिसांत जायचं ते आता नाय, परत आला तर. सोबत नूतन जाईल. हाताचा फोटो तिला विचारून काढून ठेवलाय. आईला सांगायला तयार झाली, पण एका अटीवर.

काय, मी विचारलं.

“कान्हूकाकांनी सांगायचं बोलली.”

१७ डिसेंबर, मंगळवार

नूतन, विमल आणि मी, तिघं गेलो. सरूबाईला बाजूला घेऊन मी सांगितलं. गोल गोल बोलणं मला जमत नाय, सरळ सांगितलं. पोराने हिचा हात पिळलाय. ही त्याला घाबरते. तो माझा पोरगा हाय.

सरूबाई वळली ती पोरीकडेच. फोन तूच उचलत होतीस ना? त्याच्या गाडीवर तूच बसून गेलीस ना? लाज नाय वाटली तेव्हा? पोरगी उभ्या जागी बारीक झाली. नूतन काहीतरी समजावणार होती, पण तिची वाक्यं लांब असतात.

मी बोललो, “सरूबाई, तिने फोन उचलायचा बंद केला होता. परत जायला मी लावलं तिला. ओरडायचं तर मला ओरडा.”

ओरडली. मनापासून ओरडली. रंगवणाऱ्या बायका ब्रश हातात धरून ऐकत होत्या. पंचांचं पण इतकं ऐकून घेतलं नव्हतं मी कधी. ओरडून झाल्यावर तिथंच पोत्यावर बसली, पोरीला खाली ओढलं आणि तिचा हात मांडीवर घेतला. बाजूला टर्पेंटाइनचं फडकं पडलं होतं ते घेतलं आणि पोरीच्या बोटांचा रंग पुसायला लागली. एकेक बोट. मनगटापाशी आली की थांबायची आणि परत पहिल्या बोटापासून सुरू करायची.

विमलने मला बाहेर यायची खूण केली.

१९ डिसेंबर, गुरुवार

साहिलला घरी बोलावलं. सांगितलं, रविवारी तू येत नायस. सिलेक्शन नाय, सराव पण नाय.

त्याला वाटलं मस्करी. मग मी त्याचं मनगट हातात घेतलं, जोर न लावता, आणि बोटं जिथं तिच्या हातावर होती तिथं ठेवली. त्याला कळलं. खाली बघून बोलला, राग आला होता काका. एकदाच झालं. मी तिच्यावर प्रेम करतो.

मी बोललो, असेल. ती नको बोलली ना?

“मग तुम्ही का बोलावलीत तिला?”

बोललो, व्हय, बोलावली. माझी चूक. तिला सांगितलंय तसं तुला पण सांगतो. पण हात माझ्या फोनने नाय पिळला.

मग रडला. मी मरेन तिच्यावाचून बोलला. आधीचा मी असतो तर हसलो असतो, नायतर परत पोरीला फोन लावला असता. नूतनने बजावलं होतं, असं बोलला तर हसायचं नाही, एकटं सोडायचं नाही, आणि ती जबाबदारी मुलीच्या गळ्यात टाकायची नाही. म्हणून बसून राहिलो त्याच्याबरोबर. विमलने त्याच्या आईला बोलावून आणलं, सगळं सांगितलं. नूतनच्या संस्थेत एक माणूस हाय, अशा पोरांशी बोलतो. त्याला फोन जोडून दिला. साहिल आधी नको बोलला, मग दार लोटून घेऊन बोलत बसला. आम्ही तिघं बाहेर भिंतीकडे बघत.

नंतर आईबरोबर घरी गेला. उंबऱ्यात माझ्याकडे बघून बोलला, मला तुम्ही टाकलंत. आणि गेला.

जेवलो नाय.

२० डिसेंबर, शुक्रवार

पोरांना गोल बसवलं. कार्ड काढलं नाय. पोरीचं नाव न घेता एका म्हाताऱ्याने एका पोरीला केलेला फोन सांगितला. म्हातारा कोण ते पोरांना पहिल्या वाक्यात कळलं. सगळी मातीत बोटं फिरवत बसली.

उठताना मोरू मागे राहिला. काका, मी पण माझ्या तिला रोज फोटो मागतो. बंद करू का?

मी बोललो, तिला आवडतं का ते विचारलंस?

नाय.

मग मला काय विचारतोस?

पळाला. खरंच पळत गेला.

२२ डिसेंबर, रविवार

रोह्याला कमळाकर गेला पोरांना घेऊन. मी गेलो नाय. आज साहिलची सुट्टी, पोरं तिकडे खेळणार आणि हा घरी बसून ते ऐकणार. घरी बसायचा नाय, हे मला कळत होतं. त्याचा दम कुठं सुटतो ते मला लहानपणापासून माहीत हाय. सरूबाईला आणि प्रतिक्षाला आधी कळवलं आणि सकाळच्या गाडीने हमरापूरला गेलो. कारखान्यासमोर टपरी हाय, तिथं खुर्ची मागून बसलो. कारखान्यातली एक बाई चहा देऊन गेली. मंगळवारी सरूबाईला माझ्यावर ओरडताना बघितलेलं तिने, म्हणून जरा जास्त साखर असावी.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा साहिलची गाडी आली. मला बघून त्याने ब्रेक मारला.

काका, तुम्ही इथं? सिलेक्शन?

मी बोललो, चाललंय तिकडे.

त्याचं तोंड एवढंसं झालं. तरी बोलला, एकदाच बोलू दे तिच्याशी, फक्त सॉरी बोलतो आणि जातो. मी बोललो, नाय. तो गाडीवरून उतरला. मी खुर्चीतून उठलो आणि रस्त्यात उभा राहिलो. माझे गुडघे असे की त्याने नुसती फुंकर मारली असती तरी पडलो असतो. त्याने नाय मारली.

तेवढ्यात प्रतिक्षा दारात आली. कोणी बोलावलं नव्हतं तिला. मागे सरूबाई, हातात फोन.

“साहिल, मला तुझ्याशी बोलायचं नाय. आज पण नाय, नंतर पण नाय. परत इथं दिसलास तर मी पोलिसांत जाणार.”

शब्द एकही अडखळला नाय.

साहिल माझ्याकडे वळला. लहान असताना पडला की वळायचा तसा. “काका, सांगा ना तिला. तुमचं ऐकते ती.”

“मला तिला काय सांगायचं नाय,” मी बोललो. “ती काय बोलली ते तू ऐक.”

पोरगी दारातून हलली नाय. तो गाडीवर बसेपर्यंत उभी होती. मी नूतनला तिथूनच फोन करून सांगितलं. ती बोलली, मी प्रतिक्षाकडे निघते, तुम्ही त्याला एकटं जाऊ देऊ नका. मग मी त्याच्या मागे गाडीवर बसलो. मला निडीला सोड बोललो. आयुष्यात मोटारसायकलवर बसलो नव्हतो, असली वाहनं माणसाला मारतात असं मी पोरांना सांगत आलोय.

पेण गेलं, वडखळ गेलं. तो रडत होता ते पाठीवरून कळत होतं. मी हळू, हळू एवढंच बोलत होतो. खिशात फोन सारखा वाजत होता, कमळाकर असणार. काढायला हात सोडावा लागला असता, आणि हात मी त्याच्या खांद्यावर ठेवला होता, तो काढायचा नव्हता.

निडीच्या फाट्याच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली. काका, मला दिसत नाय पुढचं, तुम्ही चालवा बोलला. मला कुठं येते? मग दोघं उतरलो. त्याने हँडल धरलं, मी मागून रेटली, आणि चालत निघालो. त्याने विचारलं, मी परत मैदानात येऊ का कधी? मी बोललो, माहीत नाय. मंगळवारी पेणला नूतनच्या संस्थेतल्या त्या माणसाकडे जायचंय, मी येतो तुझ्याबरोबर. एवढंच आता माहीत हाय.

विमल अंगणात होती. धुळीने भरलेले दोघं आणि बंद गाडी बघितली. आत गेली आणि डब्यातून तांदळाचं आणखी एक माप काढलं.